गुडघ्याएवढ्या गारा

मी फक्त गाडी वखारीतून घरी आणायचं ठरवलं होतं. एवढंच. त्यात पुढे घरातल्या सगळ्या गाद्या, सासरे, एक छत्री आणि माझे स्वतःचे दोन्ही गुडघे ओढले जातील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला 'दावा अतिरंजित आहे' असं लिहून परत पाठवलं असतं.

ही माझी नेहमीची भाषा आहे, कारण मी विमा कंपनीत क्लेम विभागात आहे. लोकांचा असा समज असतो की क्लेम विभाग हा क्लेम देण्यासाठी असतो. (सुरुवातीला माझाही होता. साहेबांनी तो मायेने दूर केला.) या विभागात आयुष्य घालवून मी एकच वाक्य घडवलं, पण ते असं घडवलं की आजही नवीन लोकांना ते पाठ करायला लावतात: 'मालकाने वाजवी काळजी घेतलेली दिसत नाही.' हे वाक्य कुठेही बसतं. स्कूटरवर झाड पडलं, तर स्कूटर झाडाखाली का लावली? उन्हाने स्कूटरचा रंग उडाला, तर झाड होतं ना, त्याच्याखाली का नाही लावली? साहेब तर म्हणतात की या वाक्याने कंपनीला जेवढं तारलं तेवढं कुठल्या देवाने तारलं नसेल.

तर अशा माणसाच्या घरी गाडी आली. माझी नव्हे, बायकोची. बायकोचा सोफे आणि गाद्यांना नवीन कापड चढवायचा छोटा कारखाना आहे, घराच्याच मागच्या खोल्यांत. आजवर ती भाड्याच्या टेम्पोवर माल पोचवायची आणि टेम्पोवाले तिला रडवायचे. शेवटी तिने स्वतःच्या हिमतीवर एक पांढरी शुभ्र पिकअप घेतली. पुढे केबिन, मागे हौदा, आणि पत्रा असा चकचकीत की त्यात बघून मी दाढी करावी. (एकदा करायला गेलो होतो. बायकोने वस्तरा काढून घेतला.) ती स्वतः चालवते आणि झकास चालवते. मीही चालवतो, पण त्याला ती 'चालवणं' म्हणत नाही.

आता गाडी आल्यावर तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गावातला मोठा फर्निचरवाला, ज्याला सगळे शोरूमवाले म्हणतात, तो आपलं सगळं काम एकाच माणसाला द्यायच्या विचारात होता. कापड चढवायचं, माल पोचवायचा, सगळं. ते काम मिळालं की टेम्पोवाल्यांच्या नाकदुऱ्या काढणं बंद, कारखान्यातल्या बायकांना बारा महिने काम पक्कं. शोरूमवाले सोमवारी सकाळी येऊन बघणार होते आणि त्यांची एक खोड सगळ्या बाजारात प्रसिद्ध होती. ते आधी कारखाना बघत नाहीत, गाडी बघतात. ज्याला स्वतःच्या गाडीचा पत्रा सांभाळता येत नाही तो माझ्या टेबलाचं पॉलिश काय सांभाळणार, असं त्यांचं म्हणणं. एका बिचाऱ्याचं काम एका ओरखड्यावरून गेलं होतं.

शुक्रवारी बायको कापड खरेदीसाठी परगावी निघाली. आभाळाचा रंग काही बरा नव्हता, म्हणून ती बसने गेली आणि गाडी पलीकडच्या लाकडाच्या वखारीत लावून गेली. वखारीला सिमेंटचं पक्कं छत आहे.

"अहो, गाडी वखारीत आहे," बॅग उचलताना ती म्हणाली. "चावी खिळ्याला आहे."

"बरं."

"ती खिळ्यालाच राहू दे."

"अगं, मी काय लहान आहे का?"

तिने नुसती बॅग खांद्याला लावली. आमच्याकडे राहणारे सासरे मात्र वर्तमानपत्राआडून खोकले. सासरे भूमितीचे शिक्षक होते. निवृत्त झाले, पण भूमिती काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही.

शनिवारी सुट्टी होती. सकाळी मोबाइलवर इशारा आला की दुपारनंतर गारपिटीची शक्यता आहे. पाठोपाठ गल्लीच्या ग्रुपवर ज्ञानाचा महापूर आला. गारा लिंबाएवढ्या पडणार, असं एकाने टाकलं. दुसऱ्याने त्यांचं संत्रं केलं. चहा होईपर्यंत गारा नारळाएवढ्या झाल्या होत्या. मी निर्धास्त होतो, कारण गाडी पक्क्या छताखाली होती. माणसाने इथेच थांबायला हवं होतं. पण मी सवयीने कपाटातून पॉलिसी काढली.

लोक पॉलिसी घेतात आणि ठेवून देतात. मी ती वाचतो. वाचता वाचता मागच्या पानावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर आलो आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. 'वाहन ज्वालाग्राही मालाच्या साठ्याजवळ उभे असल्यास झालेल्या कोणत्याही नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही.' ज्वालाग्राही माल म्हणजे काय? लाकूड. वखारीत काय असतं? लाकूडच लाकूड. म्हणजे गाडी पक्क्या छताखाली अगदी सुरक्षित होती, पण विम्याच्या दृष्टीने ती उघड्यावर होती. उलट ती उघड्यावर आणली की विम्याच्या दृष्टीने ती छताखाली येणार होती. (हे तुम्हाला विचित्र वाटत असेल, तर तुम्ही विमा कंपनीत नोकरीला नाही.)

मी सासऱ्यांना हे समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे जावईबापू, वर छत आहे म्हणून गाडी बाहेर काढायची?"

"छत आहे म्हणून नाही हो. खाली लाकूड आहे म्हणून."

"आणि गारा कुठून पडतात? वरून की खालून?"

"मामा, हा कायद्याचा मुद्दा आहे."

"मग गारांना कळवलंय का?" असं म्हणून ते परत वर्तमानपत्रात शिरले.

मी खिळ्याची चावी काढली. वखारवाले ओट्यावर बसले होते. गाडी नेतोय म्हटल्यावर ते आभाळाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे बघत राहिले. "वहिनींना विचारलंय ना?" म्हणाले. मी म्हटलं, "या बाबतीत घरातला जाणकार मीच आहे." त्यांनी गाडी बाहेर निघू दिली आणि रिकाम्या जागेत शांतपणे स्वतःची जुनी स्कूटर नेऊन लावली. मी पहिल्या गिअरमध्ये गाडी घरी आणली. वाटेत भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी मला ओलांडून पुढे गेल्या.

आता फक्त वाजवी काळजी घ्यायची होती. ती कशी घ्यायची हे मला ठाऊक नव्हतं, कारण ती घेतलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता. ग्रुपवर एक म्हणाला गोणपाट टाका, दुसरा म्हणाला गोधड्या टाका. मी विचार केला, नारळाएवढ्या गारेसमोर गोधडी काय टिकणार? गादीच पाहिजे, आणि तीही कापसाची. कारखान्यातल्या गाद्या गिऱ्हाइकांच्या, त्यांना हात लावायची सोय नव्हती. (एवढी अक्कल मला होती, हे कृपया नोंदवून घ्या.) म्हणून आमच्या दोघांच्या गाद्या काढल्या, दिवाणावरची काढली, पाहुण्यांची काढली. त्या हौद्यावर आणि बॉनेटवर पुरल्या, पण केबिनचा टप उघडा राहिला. तेव्हा मी सासऱ्यांच्या खोलीत गेलो. ते दुपारची डुलकी काढत होते.

"मामा, जरा उठता का?"

"गारा पडल्या?"

"नाही. गादी हवी होती."

ते उठले. गादी गेली. मग नुसत्या फळीवर परत आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, "एका प्रतलावर दुसरं प्रतल."

मी गाद्या दोरीने बांधल्या, सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, 'वाजवी काळजी.' त्यानंतर जे झालं त्याचा मला आजही थोडासा अभिमान आहे. विम्यातल्या माणसाने गाद्या टाकल्या म्हटल्यावर सगळ्या गल्लीने गाद्या बाहेर काढल्या. स्कूटरवर गाद्या, सायकलींवर गाद्या. एका घरात नुकतेच पाहुणे आले होते, त्यांना अंगणात उभं करून त्यांच्याखालची गादी मोटरसायकलवर टाकली. एकाने तर हातगाडीवर टाकली, जिला पत्रा नावालाही नव्हता. येणारा जाणारा मला विचारत होता, 'काका, बरोबर आहे ना?' आणि मी मान डोलवत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच लोक माझ्याकडे क्लेमसाठी नव्हे, सल्ल्यासाठी येत होते.

दुपार कलली आणि आधी पाऊस आला. गारा नाहीत, नुसता पाऊस, तोही धो धो. कापसाची गादी पावसात भिजली की तिचं काय होतं, हे सोफ्याच्या कारखानदारणीच्या नवऱ्याला तरी माहीत असायला हवं होतं. ती पाणी पिते. पितच राहते. मग ती एखाद्या जेवून तृप्त झालेल्या माणसासारखी जड होते आणि जिकडे उतार असेल तिकडे सरकायला लागते. टपावरची सासऱ्यांची गादी बॉनेटच्या दिशेने निघाली. दोरी ताणली, करकरली आणि सुटली.

मी खिडकीतून बघत होतो. आभाळ काळंनिळं झालं होतं आणि गारा आता कुठल्याही क्षणी येणार होत्या. टप उघडा पडत होता. माझ्या डोळ्यांपुढे एकदम सोमवार आला. शोरूमवाले आले, बायकोने हसून दार उघडलं, आणि मग त्यांनी टपाकडे पाहिलं. मला खरंच वाईट वाटलं. तिने किती वर्षं टेम्पोवाल्यांची बोलणी खाल्ली होती ते मी घरातच बसून पाहिलं होतं. मी छत्री घेतली आणि धावलो.

"जावईबापू, कुठे?" सासरे म्हणाले.

"गादी धरायला."

"कशाने धरणार?"

या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना परत आल्यावर देणार होतो. चाकावर पाय दिला, हौद्याच्या फळीवर चढलो आणि तिथून टपावर गेलो. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने गादीचा कोपरा, आणि गादी हलू नये म्हणून तिच्यावर दोन्ही गुडघे टेकून मी बसलो. (वजन किती आहे ते विचारू नका. तोही कायद्याचा मुद्दा आहे.) आणि गारा आल्या.

त्या शर्टाच्या बटणाएवढ्या होत्या.

छत्रीवर तडतड वाजल्या, उड्या मारत अंगणात गेल्या आणि तिथे विरघळल्या. मी हसणारच होतो, तेवढ्यात माझ्याखालून गादी गेली. एखादा पाहुणा कंटाळून उठावा तशी ती निघाली, बॉनेटवर गेली, बॉनेटवरची गादी बरोबर घेतली आणि दोघी मिळून चिखलात बसल्या. मी तिथेच राहिलो, उघड्या पत्र्यावर, गुडघ्यांवर. खालून आधी एका बाजूला 'डबुक' आवाज आला, मग दुसऱ्या. उतरायला गेलो तर टाच बॉनेटवर घसरली आणि तोल सावरायला छत्री टेकली ती बॉनेटभर एक सरळ रेघ ओढत गेली. रेघ अगदी सरळ होती. पुढे सासऱ्यांनी तेवढं एक कबूल केलं.

पाऊस थांबला तेव्हा टपावर दोन खोल पोचे होते, शेजारी शेजारी, पाण्याने भरलेले. एका चिमणीने त्यातला एक पसंतही केला होता. गल्लीतले लोक आपापल्या गाड्यांवरून गाद्या काढत होते. कुणाच्या गाडीला काहीही झालं नव्हतं. 'काका, वाचलो तुमच्यामुळे,' असं मला लोक येऊन सांगून जात होते.

मी भिंगाला फोन केला. भिंग म्हणजे आमच्या कंपनीचा सर्व्हेअर. तो खिशात भिंग घेऊन फिरतो आणि निरखून निरखून खरं शोधून काढतो, म्हणून त्याचं हे नाव. माझं वाक्य वापरायला तो पुरावा पुरवतो, अशी आमची जोडी आहे. "गारांचं नुकसान आहे," मी म्हटलं. "सोमवारी सकाळी लवकर येऊन जा. घरचं काम आहे." तो म्हणाला, "घरचं असलं तरी बघावं लागेल." मी म्हटलं, "बघ की."

रविवारी बायको आली. तिने कापडाचे गठ्ठे खाली ठेवले आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"गाडी वखारीत होती ना?"

"होती."

"मग?"

"वखारीत लाकूड असतं."

 तिने टपाकडे बोट दाखवलं. "हे काय?"

"गारा."

"दोनच पडल्या?"

"मोठ्या होत्या."

"आणि शेजारी शेजारी?"

"जोडीने पडल्या," मी म्हटलं. सासरे आतून खोकले.

"आणि ही रेघ?"

"घरंगळत गेली असेल एखादी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली, पदराने गाडीच्या आरशावरचा चिखल पुसला आणि हळूच म्हणाली, "उद्या शोरूमवाल्यांना मी काय सांगू?"

"गारा सांग. गारपिटीला कुणाचा इलाज असतो का? त्यात तुझा काही दोष धरता येत नाही. शिवाय कंपनीचा माणूस येऊन लिहून देणार आहे." मी हे आत्मविश्वासाने बोललो. खरं सांगायला माझी जीभ रेटेना.

सोमवारी सकाळी भिंग आला. तो नुकताच शिडी लावत होता, तेवढ्यात शोरूमवालेही आले, ठरल्या वेळेच्या खूप आधी. जाडजूड माणूस, हात पाठीमागे बांधलेले. घराकडे न बघता सरळ गाडीकडे गेले आणि बॉनेटवरच्या रेघेपाशी थांबले. गल्लीही हळूहळू गोळा झाली.

"हे कशाने?" त्यांनी विचारलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भिंगाकडे पाहिलं. भिंगाने भिंगातून टपाकडे पाहिलं.

"गारांनी," मी म्हटलं.

"गार गोल असते," वरून भिंग म्हणाला. "हे गोल नाही."

"लंबवर्तुळ आहे," सासरे म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"आणि तळाला बारीक उभ्या रेघांचा ठसा आहे," भिंग पुढे म्हणाला. "उठावाच्या पट्ट्यांच्या कापडाचा असतो तसा." त्याने खाली वाकून माझ्याकडे पाहिलं. मी शनिवारचीच कॉर्डुरॉयची पँट घालून उभा होतो. "तुम्ही जरा वर येता?"

"मी कशाला?"

"या तर."

मी वर गेलो. समोर शोरूमवाले, शेजारी बायको, मागे सगळी गल्ली. भिंग म्हणाला, "गुडघे टेका." मी टेकले. ते बसले. असे चपखल बसले की कारखान्यात मापाने शिवलेलं कव्हरसुद्धा एवढं बसत नाही. कुणीतरी टाळी वाजवली.

भिंगाने तिथल्या तिथे आपला शेरा मोठ्याने म्हणून दाखवला. मला वाटलं, माझंच वाक्य येणार. पण पठ्ठ्याने त्यात सुधारणा केली होती: "मालकाच्या पतीने वाजवीपेक्षा जास्त काळजी घेतलेली दिसते. सबब दावा नामंजूर."

मी टपावरच होतो. उतरावं की नाही ते कळत नव्हतं. बायको पुढे झाली आणि शोरूमवाल्यांना म्हणाली, "साहेब, गारा नव्हत्या. मी गाडी पक्क्या छताखाली ठेवून गेले होते. ह्यांनी ती सुरक्षित करायला बाहेर काढली. तुम्हाला काम द्यायचं नसेल तर नका देऊ, पण खोटं सांगून मला ते नको आहे." हे ऐकून मला टपाच्या आत शिरून जावंसं वाटलं. "चूक माझी आहे," मी वरून म्हटलं. "ती गाडी फार जपते. मीच नसती उठाठेव केली."

शोरूमवाल्यांनी मला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. बराच वेळ ते हसत होते. डोळे पुसून म्हणाले, "बाई, माझ्या मेहुण्याने माझं अख्खं गोदाम उंदरांपासून वाचवायला मांजरं आणून सोडली होती. नवे सोफे होते आत. मी समजू शकतो." मग ते कारखाना बघायला आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पोचा पडलेली गाडी ओलांडून कारखाना बघितला, असं बाजारात नंतर बरेच दिवस बोललं जात होतं.

काम बायकोला मिळालं. आठवडाभराने करार आला आणि सही करण्याआधी तिने तो माझ्यापुढे टाकला. "तुम्हाला बारीक अक्षरं वाचायची हौस आहे ना? वाचा," म्हणाली. मी मनापासून वाचला. शेवटच्या पानावर, कोणत्या गोष्टींपासून मालाचं आणि गाडीचं रक्षण करायची जबाबदारी तिची, त्याची यादी होती. आग, पूर, वादळ, गारपीट. आणि त्याखाली शोरूमवाल्यांनी खास घालून घेतलं होतं: 'तसेच पती.'

मी ते दोनदा वाचलं. मग माझ्यातला क्लेम विभाग जागा झाला. वाक्य ढिलं होतं. असल्या वाक्यातून कुणीही सहज निसटलं असतं. मी पेन काढलं आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'व त्याचे दोन्ही गुडघे.'

बायकोने वाचलं, मान डोलवली आणि म्हणाली, "आता कसं पक्कं झालं." इतक्या वर्षांत तिने माझ्या कामाला चांगलं म्हटल्याची ही पहिलीच वेळ.